कठीण फरशी आणि हळू हात



या सदरातून आम्ही आजवर पिकांविषयी लिहिले, मुलांच्या शाळेविषयी लिहिले, लग्नातील खर्चाविषयी तर इतके लिहिले की काही वाचक आमच्यावर रुसले. आज आम्ही एका भोकाविषयी लिहिणार आहोत. विषय ऐकून कोणास हसू येईल, तर त्यांनी खुशाल हसावे. परंतु भिंतीतील ज्या भोकात करंगळीही जात नाही, त्याच्यावर एखाद्या म्हाताऱ्या माउलीच्या कमरेचे हाड अवलंबून असते, ही गोष्ट आम्ही नुकतीच प्रत्यक्ष पाहिली. आणि त्या भोकाच्या कामात आमचीही एक चूक झाली. ती चूक आपल्यापासून लपविण्यात अर्थ नाही. उलट ती सांगितल्याने दुसऱ्या एखाद्या घरातील अपघात टळेल, म्हणून हा लेख.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या मराठी बोलणाऱ्या गावांत, घरांचे रूप पार पालटले आहे. शेणाने सारवलेल्या जमिनी आणि कवेलूंची छपरे मागे पडत आहेत. कापसाचे दोन पैसे हाती आले की स्लॅब पडतो, आणि स्लॅब पडला की घरधनिणीची पहिली मागणी गुळगुळीत फरशीची असते. ती मागणी रास्त आहे. सारवण्यात ज्या बायांची कंबर वाकली, त्यांनी झाडून-पुसून स्वच्छ होणारी जमीन का मागू नये? पण ही फरशी ओली झाली, तिच्यावर साबणाचे पाणी सांडले, की पाय ठरत नाही. तरुण माणूस सावरतो. म्हातारे माणूस पडते.

अशाच एका घरचा मुलगा एके दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "फादर, तुमचं ते डिरिल मशीन दोन घंटे द्या न. माय मोरीत घसरली. हाड वाचलं, पण मनगट सुजलं. आता तिले धराले भिंतीत दांडा बसवतो."

मायचे वय सत्तरीच्या पुढचे. मुलाने आदिलाबादच्या बाजारातून पोलादी दांडा आणला होता. त्याची कळकळ पाहून आम्हांस समाधान वाटले. पण यंत्र त्याच्या हाती देण्यास मन धजेना. त्याचे कारण आमच्याच न्हाणीघरात होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही टॉवेल अडकविण्याची खुंटी बसविण्याकरिता तेथे यंत्र चालविले होते. नेहमीचे बिट लावले, हॅमरचा खटका चालू केला आणि छातीचा जोर लावून यंत्र भिंतीत दाबले. पाच मिनिटे कर्कश आवाज झाला. बिटाचे नाक तापून निळे पडले, आणि टाइलवर टिकलीएवढा ओरखडा उठला. आम्ही आणखी जोर लावला. 'टच्' असा एक बारीक आवाज झाला आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. ती टाइल अजून तेथेच आहे. रोज सकाळी तोंड धुताना ती आमच्याकडे पाहते. म्हणून आम्ही त्या मुलाला म्हणालो, "बाळ, यंत्र घेऊन आम्हीच येतो."

आमचे तेलुगुभाषक शेजारी फरशीच्या दगडाला 'बंड' म्हणतात. मराठीत बंड म्हणजे उठाव. आमच्या न्हाणीघरात त्या दिवशी दोन्ही अर्थ एकत्र आले होते!

दगडाची जात

माणसाची जात विचारू नये. दगडाची मात्र अवश्य विचारावी. आपण सगळ्यांनाच 'फरशी' म्हणतो, पण त्यांचे स्वभाव निराळे असतात.

कर्नाटकातील शहाबादची फरशी, तेलंगणातील तांडूरची निळी-पिवळी फरशी आणि आंध्रातील कडप्प्याचा काळा दगड हे तिन्ही चुनखडीचे दगड होत. पिढ्यानपिढ्या आपली घरे यांच्यावर उभी आहेत. हे दगड दिसण्यात कठीण, पण तसे मवाळ. पोलादी चाकूच्या टोकाने त्यांच्यावर चरा उठतो. कोपऱ्यातील एखाद्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकला तर बारीक बुडबुडे येतात. चुनखडीची ही खूण. ही परीक्षा उरलेल्या तुकड्यावरच करावी. घातलेल्या फरशीवर केल्यास तेथील झिलई जाईल.

गोदावरीपलीकडे करीमनगरच्या बाजूस निघणारा ग्रॅनाइट हा दुसऱ्या कुळातला. त्यात गारगोटीचे आणि फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे कण असतात. चाकू त्याच्यावर घासला तर दगडावर चरा उठत नाही, उलट चाकूचीच काळसर रेघ त्याच्यावर उमटते.

तिसरी जात कारखान्यातली. गुजरातेत मोरबी येथे या टाइलांचे मोठे केंद्र आहे. यांत पुन्हा दोन प्रकार. साधी सिरॅमिक टाइल आतून मऊ असते. फक्त वरची काचेसारखी झिलई कठीण असते. व्हिट्रिफाइड टाइल मात्र सुमारे 1200 अंश उष्णतेत भाजून आरपार घट्ट झालेली असते. ती आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. उरलेल्या तुकड्याच्या पाठीवर पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब जिरला तर सिरॅमिक; तसाच बसून राहिला तर व्हिट्रिफाइड. मायच्या न्हाणीघरात जमिनीच्या उरलेल्या टाइला भिंतीस लावल्या होत्या. त्यांच्या तुकड्यावर आम्ही थेंब टाकला. तो मोत्यासारखा बसून राहिला. म्हणजे गाठ आमच्या जुन्या वैऱ्याशीच होती.

जोराने का होत नाही

1812 साली फ्रीड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने कठीणपणाची एक शिडी मांडली. तिला दहा पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरचा पदार्थ खालच्यावर चरा पाडतो. खालचा वरच्याचे काही बिघडवू शकत नाही. चुनखडीचे मुख्य खनिज तिसऱ्या पायरीवर, फेल्डस्पार सहाव्या, गारगोटी सातव्या आणि हिरा दहाव्या पायरीवर. साधे पोलाद पाचव्या-सहाव्या पायरीच्या आसपास घुटमळते. आता विचार करा, सहाव्या पायरीवरचा सातव्या पायरीवरच्यास कसा भोसकणार? आपण जितका जोर लावू, तितके पोलादच झिजणार आणि तापणार. आमच्या बिटाचे नाक निळे पडले ते यामुळेच.

विटेच्या भिंतीसाठी जे बिट वापरतात, त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची चिप बसविलेली असते. हा पदार्थ जर्मनीत 1920 च्या दशकात निघाला आणि 'विडिया' या नावाने बाजारात आला. 'हिऱ्यासारखे' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांतून ते नाव बनविले होते. तो गारगोटीहून कठीण आहे. पण त्याची रीत ठोके देऊन दगड चुरण्याची. जाड भिंत किंवा काळा पाषाण ठोका सोसतो, कारण त्याच्या मागे भरीव अंग असते. टाइलची जाडी अवघी आठ-दहा मिलिमीटर, स्वभाव काचेचा. मागे मसाला कोठे भरलेला, कोठे पोकळ. पोकळ जागी ठोका बसला की टाइल लवू पाहते. लवता येत नाही म्हणून फुटते.

मग कठीण दगडाला भोक पडते तरी कसे? अधिक कठीण कणाने, पाण्याने आणि सावकाशीने. ही विद्या नवी नाही. प्राचीन इजिप्तचे कारागीर तांब्याची पोकळ नळी वाळूवर फिरवून ग्रॅनाइटला भोक पाडीत. तांबे मऊच, कापण्याचे काम वाळूतील गारगोटीचे कण करीत. आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या लोकांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी अकीकाच्या लांब मण्यांना केसासारखी सरळ भोके पाडली. एकेका मण्याला कित्येक दिवस लागत असावेत. खंबायतचे मणियार अगदी आपल्या काळापर्यंत सुताराच्या सामत्यासारखे दोरीच्या कमानीने फिरणारे हत्यार वापरीत आले. त्याच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या बसविलेल्या असतात.

हिरा म्हटले की आपले तेलंगण आठवलेच पाहिजे. गोवळकोंड्याची हिऱ्यांची बाजारपेठ जगात गाजलेली होती. खाणी पुष्कळशा कृष्णेच्या खोऱ्यात होत्या. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविणारा मुख्य देश आपलाच होता. त्या काळी जो हिरा राजाच्या मुकुटात बसे, त्याचा भाऊबंद आज न्हाणीघराच्या कामास येतो. 1950 च्या दशकात स्वीडन व अमेरिका येथे प्रचंड दाब व उष्णता देऊन कृत्रिम हिरा बनविण्यात यश आले. त्याची पूड लावलेले पोकळ बिट आता तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळते आणि ते फार महाग नसते. त्याला टोक नसते. बारीक नळीच्या तोंडाला कण चिकटविलेले असतात. ते सबंध भोक कोरीत नाही, केवळ कडेचे वर्तुळ कापते आणि मधली चकती बाहेर काढते. म्हणजे इजिप्तच्या नळीचाच हा नातू.

प्रत्यक्ष काम

मायच्या घरी आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो.

प्रथम मायला न्हाणीघराच्या दाराशी उभे केले आणि म्हणालो, "माय, तोल गेला तर हात कुठे जातो ते दाखव." तिचा हात जेथे गेला, तेथे दांड्याची जागा ठरविली. मुलगा आपल्या छातीच्या उंचीवर खूण करू लागला होता; त्या उंचीवर मायचा हात पोहोचलाच नसता. दांडा ज्याच्यासाठी, माप त्याचे.

मग विजेची तार आणि पाण्याचा नळ भिंतीतून कोठून गेले आहेत ते पाहिले. बटनांच्या बोर्डाच्या सरळ वर आणि खाली, तसेच नळाच्या तोटीच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नये. तार व नळ बहुधा त्याच रेषेत असतात. त्यानंतर नाण्याने टाइल वाजवून पाहिली. भरीव आवाज आला ती जागा घेतली, पोकळ आवाजाची सोडली. कोपरा आणि कड यांपासून निदान एक इंच दूर राहिलो, कारण टाइल कडेलाच लवकर फुटते.

पोकळ बिटाला टोक नसल्याने गुळगुळीत टाइलवर ते घसरते. त्यासाठी प्लायवूडच्या एका फळकुटाला तेवढ्याच मापाचे भोक पाडून ते खुणेवर घट्ट धरले. बिट त्या भोकात फिरू लागले. टाइलवर त्याची गोल खाच उमटताच फळकूट काढून घेतले. हॅमरचा खटका अर्थातच बंद. गती मंद. दाब इतकाच, की यंत्र आपल्या वजनाने काम करते आहे असे वाटावे. दर आठ-दहा सेकंदांनी बिट बाहेर काढायचे आणि थंड होऊ द्यायचे. मुलगा बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाण्याची बारीक धार खाचेवर सोडीत होता. जमिनीच्या फरशीला भोक पाडावयाचे असेल तर कणकेचे किंवा मातीचे छोटे आळे करून त्यात पाणी भरावे.

येथे एक गंभीर सूचना. पाणी आणि वीज यांचे हाडवैर आहे. पाण्याची धार बिटाच्या तोंडावर असावी, यंत्रावर एक थेंबही जाता कामा नये. बॅटरीवर चालणारे यंत्र मिळाले तर तेच वापरावे. तारेचे यंत्र असेल तर पायांत कोरड्या रबरी चपला, हात कोरडे, आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविलेला असावा. हे उपकरण वीज भलत्या वाटेने जाऊ लागताच क्षणार्धात प्रवाह तोडते. आपल्या अनेक घरांत ते नाही. अर्थिंगही धड नसते. दांडा बसविण्याआधी हे करून घेतले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

एका भोकाला चार-पाच मिनिटे लागली. अखेरीस टाइल कापली जात आली, तेव्हा हात आणखी हलका केला. कारण घाईने टाइल फुटते ती बहुधा याच क्षणी. नखाएवढी गोल चकती बाहेर आली. मायच्या नातीने ती आपल्या फ्रॉकच्या खिशात ठेवली. अशी सहा भोके झाली, प्रत्येक टोकाला तीन. एकाही टाइलला चरा नाही. आम्ही मनातून फुशारलो, हे कबूल केले पाहिजे.

आमची चूक

टाइल पार झाल्यावर कार्बाइडचे साधे बिट लावून आतील भिंतीत थोडे खोल गेलो, दांड्याच्या खोक्यात आलेले प्लॅस्टिकचे प्लग ठोकले, खोक्यातलेच स्क्रू पिळले आणि दांडा बसविला. तो चकाकत होता. हाताने हलवून पाहिला, हलला नाही. माय कौतुकाने पुढे आली आणि धरावयास हात लांबविला.

का कोण जाणे, आम्ही तिला थांबविले आणि मुलास म्हणालो, "आधी तू लटकून पाहा." मुलगा अंगाने भक्कम. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि मागे झुकला. पहिल्या हिसक्याला काही झाले नाही. दुसऱ्या हिसक्याला एक टोक भिंतीतून सुटले, प्लगासकट. मागोमाग सिमेंटची करडी पूड खाली सांडली. मुलगा तोल सावरून उभा राहिला. त्या जागी माय असती तर? दांडा नसता तर ती जपून, भिंतीला धरून चालली असती. दांडा आहे या भरवशावर तिने सगळे अंग त्याच्यावर टाकले असते. खोटा आधार हा आधार नसण्यापेक्षा वाईट. न्हाणीघरात काही क्षण कोणीच बोलले नाही.

चूक कोठे झाली ते करड्या पुडीने सांगितले. हिशेब करून पाहा. टाइल दहा मिलिमीटर. तिच्यामागे मसाला दहा-बारा मिलिमीटर. त्यामागे गिलावा बारा मिलिमीटर. म्हणजे बत्तीस-चौतीस मिलिमीटर आत गेल्यावर कोठे वीट लागते. खोक्यातील प्लग आणि स्क्रू चाळीस मिलिमीटरचे! सारा भार गिलाव्याने धरला होता, आणि गिलावा हे भिंतीचे कातडे आहे, हाड नव्हे. आम्ही टाइल जपण्यात इतके गुंतलो की टाइलच्या मागे काय आहे ते विसरलो. भोक सुबक होते. पण उथळ होते.

मुलगा मोटारसायकलवर पुन्हा आदिलाबादला गेला आणि शंभर मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू व तसेच लांब नायलॉनचे प्लग घेऊन आला. या प्लगाचीही एक कथा आहे. पूर्वी भिंत फोडून लाकडाची खुंटी ठोकीत आणि तिच्यात स्क्रू पिळीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची उपकरणे बसवावयाची होती. त्या कामातून जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने 1911 च्या सुमारास तागाच्या तंतूंचा प्लग काढला. आपण 'रॉल प्लग' म्हणतो ते त्याच्याच नावावरून. पुढे 1958 साली जर्मनीत आर्तुर फिशर याने नायलॉनचा प्लग बनविला. स्क्रू आत शिरताच तो फुगतो आणि भोकाच्या भिंतींना घट्ट धरून बसतो.

याच फुगण्यासाठी दोन पथ्ये पाळावीत. प्लग टाइलच्या जाडीत अडकून राहू देऊ नये, तो आत ढकलावा. टाइलमध्ये फुगला तर तिलाच फोडील. म्हणून टाइलचे भोक प्लगाहून किंचित मोठे आणि विटेतील भोक प्लगाच्या नेमक्या मापाचे असावे. दुसरे, भोकातील पूड फुंकून किंवा बारीक ब्रशने काढून टाकावी. पुडीवर बसलेला प्लग घसरतो.

लांब बिट लावून आम्ही तीच भोके खोल केली. प्रथम करडी पूड आली, मग लाल आली. लाल पूड दिसताच मुलगा ओरडला, "फादर, वीट लागली!" ही खूण सर्वांनी लक्षात ठेवावी. भाजलेल्या विटेची भिंत असेल तर लाल पूड येईपर्यंत, आणि त्यानंतरही चांगले दोन इंच, आत जावे. हल्ली हलक्या पांढऱ्या ठोकळ्यांच्या भिंती बांधतात. त्यांत हा साधा प्लग धरत नाही. तेथे भिंत आरपार भोकून पलीकडून लोखंडी पट्टी व नट लावावा, किंवा त्या ठोकळ्यांसाठीचा खास प्लग मागावा.

दांडा पुन्हा बसला. त्याच्या बैठकीभोवती सिलिकॉनचा लेप दिला, म्हणजे पाणी भिंतीत मुरणार नाही. मुलगा लटकला, मग त्याचा चुलतभाऊ लटकला, मग दोघांनी मिळून ओढले. भिंतीने दाद दिली नाही. तेव्हा कोठे आम्ही मायला म्हणालो, "आता धर."

जी धूळ दिसत नाही

हे काम सगळे पाण्याने केले, याला टाइल जपण्याखेरीज दुसरे आणि मोठे कारण आहे. ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल, सिमेंट यांत गारगोटीचे द्रव्य असते. कोरडे कापले की त्याची अतिसूक्ष्म धूळ उडते, श्वासाबरोबर फुप्फुसात शिरते आणि तेथेच राहते. तिने फुप्फुस आतून घट्टे पडल्यासारखे होते. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर बरे करणारे औषध नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली दगडातून कापणाऱ्या कामगारांना या रोगाने ऐन तारुण्यात गाठले. आपण ज्या पेन्सिलीने मुळाक्षरे गिरवली, तिची ही किंमत कोणी मोजत होते, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितले नाही. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकाच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडाने इतके तरुण कामगार आजारी पडले, की 1 जुलै 2024 पासून त्या देशाने तो दगड बंदच केला.

घरी वर्षातून चार भोके पाडणाऱ्यास यापासून मोठे भय नाही. पाणी वापरले, दार-खिडकी उघडी ठेवली की पुरे. पण आपल्या गावचे तरुण हैदराबादकडे, नागपूरकडे फरशीच्या कामास जातात. दिवसभर कोरडा कटर चालवितात, तोंडाला रुमाल बांधून. रुमाल ही धूळ अडवीत नाही. एन-95 जातीचा मास्क पाहिजे आणि दगडावर पाणी पाहिजे. ज्यांची मुले या कामात आहेत, त्या आईबापांनी हे त्यांना फोनवर आवर्जून सांगावे. आणि आपल्या घरी ओटा बसविण्यास कारागीर येतील तेव्हा त्यांना चहाबरोबर एक बादली पाणीही द्यावे आणि म्हणावे, "भाऊ, ओलं करून काप, अर्धा दिवस जास्त लागला तरी चालेल." तो अर्धा दिवस आपल्याला महाग पडणार नाही.

पूर्वी जात्याला टाकी लावून देणाऱ्या वडारणी गावोगाव येत, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. काळ्या पाषाणावर त्यांची टाकी एका लयीत पडे. जोर दिसत नसे, पण संध्याकाळपर्यंत जाते पुन्हा धार धरी. आम्ही लहानपणी त्यांच्यापाशी तासन्‌तास बसलो आहोत. तरीही न्हाणीघरात छातीचा जोर लावण्याची बुद्धी आम्हांस झाली. पाहिलेले अंगी येतेच असे नाही.

परवा आम्ही त्या घरावरून जात होतो. माय ओसरीवर ऊन खात बसली होती. मनगटाची सूज उतरली होती. आम्ही विचारले, "माय, दांडा धरतेस ना?" ती म्हणाली, "धरते न, फादर. पण पहिले एकडाव ओढून पाहते, मंगच पाय टाकते."

सत्तर वर्षांच्या अनुभवाचे हे शहाणपण आहे. आपल्या घरातील दांडे, खुंट्या, पाळण्याच्या कड्या आणि पंख्यांचे हूक या रविवारी एकदा ओढून पाहा. हलले तर आणखी खोल जा, लाल पूड दिसेपर्यंत.